बायपोलर आजार आणि जाहीर अनुभवकथन

बायपोलर आजार असलेला माणूस चारचौघांत उभा राहून स्वतःच्या आजाराविषयी बोलतो, तेव्हा तो संपून गेलेल्या गोष्टीविषयी बोलत नसतो. औषधांचा कोर्स पूर्ण करून क्षयातून बरा झालेला रुग्ण मागे वळून बोलू शकतो. बायपोलरच्या रुग्णाची आठ-दहा वर्षे उत्तम गेली तरी पुढचा झटका येणारच नाही असे कोणी लिहून देत नाही, आणि हे बोलणाऱ्याला पुरते ठाऊक असते. या जाहीर बोलण्याचे बळ यात आहे आणि जोखीमही यातच आहे. बोलणाऱ्याकडून 'मी यातून बाहेर आलो' एवढेच ऐकण्याची समाजाला सवय असते. बायपोलरच्या बाबतीत खरे वाक्य 'मी हे घेऊन जगतो' असे असते, आणि ते ऐकून घेण्याची तयारी श्रोत्यांना करावी लागते.

आजाराचे स्वरूप समजल्याशिवाय या बोलण्याची किंमत कळत नाही. बायपोलरमध्ये मनाची अवस्था दोन टोकांना जाते. पहिल्या प्रकारात किमान आठवडाभर टिकणारा उन्माद असतो. झोप दोन-तीन तासांवर येते, तरी थकवा नसतो. बोलणे इतके भरधाव सुटते की समोरच्याला मध्ये शब्द घालता येत नाही. एकाच वेळी चार धंदे सुरू करायचे असतात, कर्ज काढून खरेदी होते, नाती तडकाफडकी तुटतात किंवा जुळतात, आणि पुष्कळदा संशय किंवा भास यांचीही भर पडते. दुसऱ्या प्रकारात चढ सौम्य असतो, चार दिवसांचाही असू शकतो, आणि घरच्यांना तो 'सध्या फार उत्साहात आहे' एवढाच जाणवतो. नैराश्य मात्र दोन्ही प्रकारांत खोल जाते. मधल्या काळात हाच माणूस नोकरी करतो, मुलांचा अभ्यास घेतो, भाजी आणतो. सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न हे तिन्ही ठरण्याच्या वयात. पुष्कळ रुग्ण पहिल्यांदा डॉक्टरांकडे जातात ते उतारात, त्यामुळे निदान 'डिप्रेशन' एवढेच होते आणि खरा आजार ओळखू येईपर्यंत वर्षे उलटतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे चार कोटी लोक या आजारासह जगत होते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातील प्रौढांमध्ये आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्यांचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले, आणि त्यांतल्या दहापैकी सात जणांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. दहापैकी सात जण उपचारांबाहेर का राहतात याला डॉक्टरांची टंचाई हे एक कारण आहेच. दुसरे कारण लाज आहे, आणि ती घालवण्यासाठीच माणसे जाहीरपणे बोलू लागली.

या बोलण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. येल विद्यापीठाचा पदवीधर क्लिफर्ड बियर्स १९०० ते १९०३ या काळात अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या तीन रुग्णालयांत होता. नैराश्याबरोबर त्याने उन्मादाचे काळही पाहिले होते, मार खाल्ला होता आणि हातपाय जखडून ठेवल्याचे दिवसही काढले होते. १९०८ साली त्याने स्वतःच्या नावाने 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ' हे आत्मकथन छापले आणि त्यातून अमेरिकेत मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली. १९०९ मध्ये तिची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. याच बियर्सने अखेरची वर्षे पुन्हा मनोरुग्णालयात काढली आणि १९४३ साली तिथेच त्याचा मृत्यू झाला. चळवळीच्या गौरवलेखांत हा शेवट सहसा गाळला जातो. तो गाळू नये, कारण समितीचे काम त्याच्या अखेरच्या आजारपणाने खोटे ठरले नाही.

पुढची कित्येक दशके या वाटेने फारसे कोणी गेले नाही, आणि ते का हे १९७२ च्या उन्हाळ्यात जगाने पाहिले. डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार सिनेटर थॉमस ईगलटन यांना पूर्वी नैराश्यासाठी रुग्णालयात राहावे लागले होते आणि विजेच्या झटक्यांचे उपचार घ्यावे लागले होते, हे बाहेर आले. अठराव्या दिवशी त्यांना उमेदवारी सोडावी लागली. दोन वर्षांनी मिसुरी राज्याच्या मतदारांनी त्यांनाच पुन्हा सिनेटवर निवडून पाठवले. देशाला ते एका बातमीतून माहीत होते, मिसुरीला वर्षानुवर्षांच्या कामातून. कलंक कशाने कमी होतो याचे उत्तर संशोधकांनी पुढे आकड्यांत मांडले, पण त्याचा अंदाज या घटनेतूनही येतो.

१९८० च्या दशकात वारे पालटू लागले. लिथियम या औषधाचा उन्मादावर होणारा परिणाम ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्येच नोंदवला होता, पण अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९७० मध्ये. औषधाने माणसे स्थिर राहू लागली तशी बोलण्याइतकी ताकद असलेली माणसेही दिसू लागली. अभिनेत्री पॅटी ड्यूक यांना १९८२ मध्ये निदान मिळाले आणि १९८७ च्या आत्मचरित्रात त्यांनी ते उघड केले. पुढे अभिनेत्री-लेखिका कॅरी फिशर आजाराबद्दलच नव्हे, तर स्वतः घेतलेल्या विजेच्या उपचारांबद्दलही मोकळेपणाने बोलल्या. ब्रिटनमध्ये अभिनेते स्टीफन फ्राय यांच्या २००६ च्या बीबीसी माहितीपटाने हा विषय घरोघरी नेला.

या सगळ्यांत सविस्तर पाहावे असे उदाहरण के रेडफील्ड जेमिसन यांचे. त्या मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांचा विषयच हा आजार. पहिली लक्षणे शाळकरी वयात दिसली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाल्यावर अवघ्या काही महिन्यांत त्या तीव्र उन्मादात गेल्या. त्या काळातल्या खरेदीत सर्पदंशावरच्या प्रथमोपचार पेट्यांचा ढीग होता. सापांपासून जगाला सावध करायला आपण निवडले गेलो आहोत असे त्यांना वाटत होते. लिथियम सुरू झाले, पण त्याच्या तेव्हाच्या जास्त मात्रेने वाचन जवळजवळ बंद पडले, आणि पुस्तकांवर जगणाऱ्या बाईला ते सोसवेना. त्यांनी गोळ्या पुनःपुन्हा सोडल्या. त्यानंतरच्या नैराश्यात त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्यातून वाचल्या. १९९० मध्ये फ्रेडरिक गुडविन यांच्यासह त्यांनी या आजारावरचा प्रमाण मानला जाणारा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या वाचकाला लेखिका स्वतः रुग्ण आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता.

पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, 'ॲन अनक्वायट माइंड' आले आणि ते कळले. मधल्या काळातल्या त्यांच्या शंका आजही बोलू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या आहेत. व्यवसायाचा परवाना राहील का? सहकारी यापुढचे संशोधन संशोधन म्हणून वाचतील, की रुग्णाचे म्हणणे म्हणून? विद्यार्थी वर्गात काय शोधत बसतील? जॉन्स हॉपकिन्समधील वरिष्ठांना त्यांनी आधी विश्वासात घेतले होते आणि त्यांनी आधार दिला. हा आधार नसता तर पुस्तक निघाले असते का, हा प्रश्न रास्त आहे. जाहीर बोलण्याच्या धैर्याचे कौतुक करताना त्या धैर्याखाली पक्की नोकरी, चांगला डॉक्टर आणि समजूतदार वरिष्ठ होते हे नजरेआड होते. ते ज्याच्यापाशी नाही, त्याने गप्प राहणे हा भित्रेपणा नव्हे.

अशा बोलण्याचा उपयोग होतो का, हे पुष्कळ तपासले गेले आहे. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रौढांच्या बाबतीत माहिती देण्यापेक्षा आजार असलेल्या माणसाची गाठ पडण्याचा परिणाम अधिक होतो, आणि ध्वनिचित्रफितीपेक्षा प्रत्यक्ष भेटीचा अधिक, असे त्यांना दिसले. किशोरवयीन मुलांमध्ये मात्र शिक्षणाचा प्रभाव जास्त होता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या कलंकाविषयीच्या आयोगानेही २०२२ मध्ये प्रत्यक्ष संपर्कावरच भर दिला. संपर्क कसा असावा याच्याही अटी आहेत. श्रोता आणि वक्ता बरोबरीचे असावेत, भेट एकदाच होऊन संपू नये, आणि बोलणारा श्रोत्यांच्याच जगातला असावा. पोलिसांसमोर पोलिसाने, शिक्षकांसमोर शिक्षकाने, गावात गावातल्याने. त्या हिशेबाने पडद्यावरच्या ताऱ्याच्या मुलाखतीपेक्षा तालुक्याच्या गावातल्या एसटी वाहकाचे वीस मिनिटांचे बोलणे जास्त काम करते.

भारतात ताऱ्यांनी बोलायला सुरुवात केली हे मात्र खरे आणि मोलाचे आहे. दीपिका पदुकोण २०१५ मध्ये नैराश्याविषयी बोलल्या. गायक यो यो हनी सिंग यांनी २०१६ मध्ये बायपोलरचे नाव घेतले. महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी बोलले ते घरचे लोक. कॅलगरी विद्यापीठातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ च्या चित्रपटामागेही त्यांचे पाठबळ होते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथे दोघेही आळीपाळीने बोलतात. पुण्याच्याच बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी वेगळा सूर लावला. सक्तीच्या उपचारांवर त्यांनी कठोर टीका केली आणि मनोसामाजिक अपंगत्व असलेल्यांचे हक्क हा चर्चेचा पाया केला. जाहीर बोलणाऱ्या सगळ्यांनी डॉक्टरांचीच भाषा बोलावी अशी अपेक्षा चूक आहे. उपचारांत काय जाचले हेही अनुभवकथनच आहे.

बायपोलरपुरते पाहिले तर महाराष्ट्रातले सर्वांत खोल लेखन मुलाच्या बाजूने झाले. जेरी पिंटो यांच्या 'एम अँड द बिग हूम' या २०१२ च्या इंग्रजी कादंबरीत माहीमच्या छोट्या घरातली आई उन्माद आणि नैराश्य यांत हेलकावे खाते आणि चौघांचे कुटुंब तिच्याभोवती जगते. शांता गोखले यांनी ती मराठीत आणली. त्यातली आई विनोदी, उद्धट, प्रेमळ, असह्य अशी सगळी एकदम आहे, आणि म्हणूनच ती रुग्ण वाटण्याआधी माणूस वाटते. उघड आत्मकथन मराठी वाचकाला नवे नाही. दया पवारांच्या 'बलुतं'पासून दलित आत्मकथनांनी, ज्याची लाज वाटावी असे समाजाने ठरवले होते, ते स्वतःच्या नावाने छापून दाखवले. मनाच्या आजाराबाबत मात्र 'मी' म्हणणारी पुस्तके मराठीत अजून मोजकीच आहेत.

मोजकी राहण्याचे मोठे कारण लग्न. बोलणाऱ्याच्या एकट्याचे नाही, त्याच्या धाकट्या बहिणीचे, चुलतभावाचे, उद्या मुलीचे. स्थळ बघताना 'त्यांच्याकडे डोक्याचं आहे' एवढे वाक्य पुरते. त्यामुळे गोळ्यांची पाकिटे कपाटात मागे जातात, पाहुण्यांना 'बीपीची आहे' असे सांगितले जाते, आणि चढ-उताराचा अर्थ लावायला देवऋषी आधी गाठला जातो. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे विशिष्ट परिस्थितीत घटस्फोटाचे कारण आहे, आणि त्याची भीती पुष्कळ घरांत असते. केवळ आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता आणि सहजीवनावर झालेला परिणाम पाहावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे. ही गोष्ट घरोघरी पोहोचलेली नाही.

कायद्याची बाजू बोलणाऱ्याने पक्की माहीत करून घ्यावी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्यात आहे. रुग्णालयात उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. भूल न देता विजेचे उपचार करण्यास बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरले जाते, आणि तिच्यावर खटला चालवायचा नसतो. शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देण्याची तरतूदही त्यात आहे. अपंगत्वासंबंधीच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्याने नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध दाद मागता येते. हे सारे असले तरी मुलाखतीत नाकारले गेल्याचे कारण कोणी कागदावर लिहून देत नाही. म्हणून किती सांगायचे, कोणाला, कुठे, हा निर्णय कायद्याच्या भरवशावर सोडता येत नाही. एका विश्वासू माणसाला सांगणे, वरिष्ठांना सांगणे, गटात सांगणे आणि छापील नावाने सांगणे या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. चौथी चढली की परत उतरता येत नाही, विशेषतः चित्रफीत एकदा फिरू लागल्यावर.

बायपोलरच्या बाबतीत या निर्णयाला आणखी एक पेच आहे, आणि तो इतर आजारांत क्वचितच आढळतो. सगळ्यांना सगळे सांगून टाकण्याची अनावर ऊर्मी, आपल्या बोलण्याने जग बदलेल अशी खात्री, रात्री तीनला लिहिलेली वीस पाने ही चढ सुरू झाल्याची लक्षणेही असू शकतात. बियर्सच्या बाबतीत तेच झाले. १९०५ मध्ये आत्मकथनाच्या कामात तो इतका वर चढला की भावाच्या सांगण्यावरून काही काळ पुन्हा रुग्णालयात राहिला, आणि पुस्तक पूर्ण केले ते नंतर शांतपणे. म्हणून बोलण्याचा निर्णय स्थिर काळात घ्यावा, लिहिलेले काही आठवडे बाजूला ठेवावे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना व घरातल्या एकाला दाखवावे. ही सेन्सॉरशिप नव्हे. उताराच्या दिवसांत ज्याचा पश्चात्ताप होईल असे काही चढाच्या दिवसांत स्वतःच्या हातून होऊ नये, याची ती सोय आहे.

बोलण्यात काय यावे याबाबत बरेच एकमत आहे. जीव देण्याच्या प्रयत्नाचा उल्लेख करता येतो, पण त्याची पद्धत, जागा, साधन सांगू नये. वर्णनातून अनुकरण होते हे माध्यमांवरच्या संशोधनात दिसले आहे. त्याच संशोधनाची दुसरी बाजू अशी की संकटातून माणूस कसा सावरला, याची हकिगत ऐकणाऱ्याला सावरू शकते. औषधाचे नाव घेता येते, मात्रा सांगू नये. आजाराची प्रतिभेशी सांगड घालणेही टाळावे. चित्रकार व्हॅन गॉगच्या जन्मदिवशी, ३० मार्चला, जागतिक बायपोलर दिन पाळतात, पण प्रतिभेची ही झूल सामान्य रुग्णाला जड जाते. गॅरेज चालवणाऱ्याला चित्रकार न होताही या आजारासह मानाने जगता आले पाहिजे. उन्मादाच्या हकिगतीत इतर माणसेही असतात. बायकोचे मोडलेले दागिने, भावाने फेडलेले कर्ज, शेजाऱ्यांशी झालेले भांडण ही त्यांचीही गोष्ट आहे, आणि त्यांना विचारल्याशिवाय ती व्यासपीठावर आणू नये. घरच्यांनी नकार दिला तर तेवढा भाग वगळूनही उरलेले पुरते.

प्रत्यक्ष प्रसंग कसा असतो हे पाहिले की या काळजीचे महत्त्व पटते. महाराष्ट्रातल्या व्याख्यानमालेत भाषण रात्रीचे, मग प्रश्नोत्तरे, मग संयोजकांच्या घरी आग्रहाचे जेवण, मग रात्रीची गाडी. निरोगी वक्त्याला यात एक जागरण घडते. बायपोलर असलेल्या वक्त्याचे झोपेचे चक्र बिघडले की झटक्याला वाट मिळते. झोपेच्या, जेवणाच्या, कामाच्या वेळा सांभाळणे हा उपचाराचाच भाग आहे. लिथियम घेणाऱ्याला उन्हातल्या प्रवासात पाणी कमी पडले, निर्जळी उपवास झाला किंवा डोके दुखते म्हणून डॉक्टरांना न विचारता आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तर रक्तातली मात्रा धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. म्हणून जाणते कार्यकर्ते भाषण दुपारी ठेवायला सांगतात, मुक्कामाची वेगळी खोली मागतात आणि जेवणाचा आग्रह नम्रपणे नाकारतात. संयोजकांनी याला नखरे समजू नये.

प्रश्नही ठरावीक येतात. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात का? लग्न झालंय का, मुलांना होईल का? आत्ता तुम्ही नॉर्मल आहात ना? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण रुग्णाच्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही, एवढे सरळ उत्तर तयार असावे. बाकी खासगी प्रश्नांना 'हे मी सांगत नाही' म्हणण्याचा हक्क वक्त्याला आहे. खरे ओझे कार्यक्रमानंतर येते. कोणी कोपऱ्यात थांबून मुलाबद्दल विचारते, कोणी मध्यरात्री निरोप पाठवते की आता जगवत नाही. अनुभव सांगणारा म्हणजे डॉक्टर नव्हे आणि समुपदेशकही नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाचे किंवा जिल्हा रुग्णालयाचे नाव हाताशी ठेवून फोन तिकडे जोडून द्यावा. तरीही असे निरोप मनात राहतात, म्हणून संस्थेने अशा कार्यकर्त्यांना नियमित बोलायला कोणी तरी नेमून द्यावे आणि मानधन द्यावे. फुकट आणि एकट्याने करायचे हे काम नाही.

पुन्हा आजारी पडण्याची शक्यता सगळ्या व्यवस्थेत धरलेली असावी. ब्रिटनमधील 'माइंड' या मानसिक आरोग्य संस्थेचे अध्यक्ष असतानाच स्टीफन फ्राय यांनी २०१३ मध्ये, आदल्या वर्षी आपण जीव देण्याचा प्रयत्न केला होता, हे सांगितले. त्यानंतरही ते अध्यक्ष राहिले. छोट्या गावातल्या गटालाही हेच जमू शकते. वक्त्याबरोबर आधीच ठरलेले असावे की कोणती लक्षणे दिसली की कार्यक्रम थांबवायचा, ते त्याला कोणी सांगायचे, बदली कोण बोलणार. श्रोत्यांना 'आज ते येऊ शकत नाहीत' एवढेच सांगावे, कारण जाहीर करू नये आणि ठरलेले मानधन कापू नये. परत कधी उभे राहायचे हे त्या माणसाने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आणि यापुढे बोलायचेच नाही असे त्याने ठरवले, तर त्याची जुनी चित्रफीत वापरण्याआधी त्याला पुन्हा विचारावे.